दुनळी कुणाच्या नावावर?

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की मागं राहिलेल्याची वाटणी सुरू होते. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात, बँकेतल्या ठेवीचं मार्गी लागतं, आईच्या पाटल्यांचंही कसंबसं निभावतं. बंदुकीला मात्र ही रीत लागू पडत नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नसतो. माणूस गेला की परवाना तिथंच संपतो, आणि कालपर्यंत खुंटीवर बिनबोभाट असलेली वस्तू आज विनापरवाना होते. आमचे बाबूजी २०२२ साली गेले तेव्हा कुडव्याच्या आमच्या घरात हेच झालं. बंदूक ठेवायची की विकायची, यात आम्हा तिघा भावंडांची दीड-दोन वर्षं गेली. धानपट्ट्यात अशा जुन्या बंदुका अजूनही काही घरांत आहेत, म्हणून त्या काळात जे कळलं ते आज सांगते.

बंदूक आजोबांची. त्यांनीही ती नवी घेतलेली नव्हती. जुन्या मध्य प्रांतातली मालगुजारी १९५१ साली संपली. तलाव गेले, गावं गेली, आणि पुष्कळ मालगुजारांनी वाड्यातलं सामान विकायला काढलं. त्यातली ही एक दुनळी, बारा बोअरची. बारा बोअर म्हणजे काय ते मलाही अलीकडेच कळलं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जेवढी जाड तेवढं नळीचं तोंड. आजोबांना शिकारीचा शौक नव्हता. धान निसवायला लागलं की रानडुकरं बांध्यांत उतरायची आणि एका रात्रीत खाचरं लोळवून जायची. मचाणावर बसून बार काढायचा, डुकरं पळवायची, एवढ्यासाठी त्यांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढला.

त्या परवान्याचं पुस्तक मला बंदुकीपेक्षा अधिक बोलकं वाटतं. पहिले शिक्के मध्य प्रदेशाचे. १९५६ नंतर मुंबई राज्याचे, १९६० नंतर महाराष्ट्राचे. जिल्हा भंडारा. मग १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा झाला आणि शिक्का पुन्हा बदलला. आजोबा, मग बाबूजी, दोघंही आपल्या गावातून हलले नाहीत, राज्यं तेवढी त्यांच्या अंगावरून गेली.

१९७० साली नागझिरा अभयारण्य झालं, १९७२ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७५ला नवेगाव राष्ट्रीय उद्यान. त्यानंतर बाबूजींनी जनावरावर बंदूक धरली नाही. आकाशात बार काढायचे, आवाजावर भागायचं. पुढं जिल्ह्याचा काही भाग नक्षलग्रस्त म्हणून गणला जाऊ लागला, तेव्हा रात्री कुणी दार वाजवून बंदूक मागेल या धास्तीनं ती महिनोन्‌महिने पोलीस ठाण्यात जमा असायची. आणि आता तर कुडव्याच्या आमच्या बांध्यांपर्यंत गोंदिया शहर आलंय. डुकरं येत नाहीत, ले-आउटवाले येतात. ज्या पिकासाठी परवाना होता ते पीकच उरलेलं नाही.

बाबूजी गेल्यावर काय करायचं असतं, हे कायद्यात स्पष्ट आहे. शस्त्र कायदा १९५९चा. (मीही १९५९चीच, त्यामुळे त्याच्याशी माझं थोडं नातं जुळलं.) त्याच्या एकविसाव्या कलमानुसार वारसानं बंदूक विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायची आणि पावती घ्यायची. पुढं आपण परवाना मिळवला तर ती परत घेता येते, नाहीतर ज्याच्याकडं परवाना आहे अशा माणसाला विकता येते. ठरलेल्या मुदतीत यातलं काहीच केलं नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. म्हणजे ‘बघू नंतर’ हा आपला आवडता निर्णय इथं चालत नाही. तेरवीनंतर आम्ही ती काडतुसांसकट ठाण्यात दिली. पावती अजून जपून ठेवली आहे, आणि तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही ठेवा.

मोठ्या भावाचं म्हणणं, विकून टाकू. त्याचा मुक्काम पुण्यात, त्याला ही कटकट नको. धाकट्याचं म्हणणं, आजोबांची आठवण आहे, राहू दे. तो बंगळुरात. सांभाळणार कोण, असं विचारलं की दोघंही माझ्याकडं बघत. निवृत्तीनंतर मी आईजवळ राहते, म्हणून. आईचा निकाल केव्हाच लागला होता. ती म्हणाली, ‘मले तिची गरज नाही. तुले आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर देणं मला फार दिवस जमलं नाही.

आधी विकण्याचा मार्ग पाहिला. आमचा समज असा, की परदेशी बनावटीची जुनी बंदूक म्हणजे सोनं. हा समज अगदीच वाऱ्यावरचा नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला बाहेरून बंदूक आणणं जवळजवळ बंद झालं, तेव्हा आधी देशात आलेल्या वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर, वेस्टली रिचर्ड्‌स अशा इंग्रजी नावांचा भाव चढला. रीतसर परवानगीनं आमची दुनळी नागपूरच्या एका विक्रेत्याकडं गेली. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं ती मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, नळ्या काढून उजेडाकडं धरल्या, खालची अक्षरं भिंगातून वाचली आणि मला जवळ बोलावलं.

अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही तीन अक्षरं, वर मुकुट. ही बेल्जियममधल्या लिएज शहराच्या तपासणीची खूण. त्या खुणेवर मुकुट १८९३पासून आला, त्याआधी तारा असे. म्हणजे बंदूक १८९३ नंतरची. पण बिनधुराच्या नव्या दारूचा दाब सोसते म्हणून तपासलेल्या नळीवर पी, व्ही अशी आणखी अक्षरं मारतात, ती आमच्या नळीवर नव्हती. ती फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली. शिवाय नळ्या दमास्कस पद्धतीच्या. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेल्या. पाण्यावर तरंग उठावेत तशी नक्षी त्यांच्यावर दिसते. लहानपणी मला ती फार आवडे. त्या नक्षीतली प्रत्येक रेघ म्हणजे एक सांधा आहे, आणि शंभर वर्षांत कुठल्या सांध्यात आतून गंज शिरलाय ते वरून दिसत नाही, हे त्या कारागिरानं सांगितलं. काडतूस बसायची जागाही पासष्ट मिलिमीटरची, आणि आजचं काडतूस सत्तरचं. ते आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुरतं उलगडायला जागा उरत नाही आणि दाब आणखी वाढतो. बाबूजी तर पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनणारी ‘शक्तिमान’ काडतुसं वर्षानुवर्षं तीत भरत आले होते. ‘नळी फाटली नाही, नशीब समजा,’ एवढं बोलून त्यानं बंदूक मिटली.

विक्रेत्यानं सांगितलेली किंमत एका हंगामाच्या खतालाही पुरली नसती. मात्र एक गिऱ्हाईक होतं. देवरीकडचा शेतकरी, परवाना हातात, डुकरांनी बेजार झालेला. तो बरी रक्कम द्यायला तयार होता. त्याला नळीचं काही सांगितलेलं नव्हतं. मोठा भाऊ फोनवर म्हणाला, ‘आपण दुकानदाराला विकतोय. पुढचं तो बघेल.’ कायद्याच्या दृष्टीनं त्याचं चुकत नव्हतं. पण तो शेतकरी ती भिंतीवर लावायला घेत नव्हता. तो ती खांद्याला लावणार होता, आणि डावा हात नेमका त्या नळ्यांखाली धरणार होता. मी त्याला स्वतः सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि गेला. विक्रीची गोष्ट तिथं संपली.

उरले दोन मार्ग. सरकारला देऊन टाकणं किंवा ठेवणं. धाकट्यानं सुचवलं, निकामी करून दिवाणखान्यात लावू. जुनाट आणि दुरुस्तीनंतरही उडू न शकणारं हत्यार कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमानं वगळलं आहे खरं. पण आमची उडते, हीच तर तिची अडचण. आणि निकामी करणं हेही घरी सुताराला बोलावून करायचं काम नव्हे.

कर्नाटकातल्या कोडगूमध्ये इंग्रजांच्या काळापासून कोडव लोकांना एका बंदुकीपुरती परवान्याची सूट आहे. तिथं बंदुकीची पूजा होते. आपल्याकडं तसं नाही, आणि ते मला बरंच वाटतं. कॉर्बेटची गोष्ट मात्र मनात राहिली. १९४७ साली केनियाला निघण्यापूर्वी जिम कॉर्बेटनं छोटी हल्द्वानी या आपल्या गावातल्या एका माणसाला पिकं राखायला बंदूक दिली. ती त्या घरात पिढ्यांनी जपली आणि येणारे-जाणारे ती पाहून जात. साहेबाची बंदूक म्हणून तिला मान मिळाला. आमच्या आजोबांना कोण ओळखतं? पण अमक्या वर्षी किती बांध्या डुकरांनी नेल्या आणि किती वाचल्या, हे त्यांनी परवान्याच्या मागच्या पानांवर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. जिल्ह्याच्या कुठल्याच दप्तरात ते सापडणार नाही.

मी ठेवायचं ठरवलं. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे आणि मुलगीही त्यात वारस आहे. तरी एका कार्यालयात ‘भाऊ असताना तुम्ही कशाला?’ असं विचारण्यात आलंच. आईची आणि दोन्ही भावांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, पोलिसांची पडताळणी, हाताळणीचं प्रशिक्षण, कुलूपबंद जागेची हमी, हे सगळं करून २०२४च्या उन्हाळ्यात परवाना माझ्या नावावर झाला. प्रशिक्षणात पहिलं शिकवतात ते बंदूक उघडून आत काही नाही ना, हे पाहणं. मी ते दर वेळी पाहते, आत कधीच काही नसणार हे ठाऊक असूनही. कारण काडतूस मी एकही घेतलेलं नाही. त्याच वर्षी विधानसभेच्या निवडणुकीआधी ती ठाण्यात जमा करावी लागली. रिक्षात तिला गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले, तर रिक्षावाल्यानं विचारलं, ‘बाई, तंबोरा का?’

२०१९च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली आहे. त्या हिशेबानं माझं नूतनीकरण २०२९ साली येईल. तेव्हा मी सत्तरीची असेन, आणि नियमांनुसार सत्तरी गाठलेल्या परवानाधारकाला आपल्या हयातीतच बंदूक वारसाकडं सोपवता येते. मी मुलीला फोन करून विचारलं. कारागीर काय म्हणाला तेही सगळं सांगितलं, नळीवरच्या तरंगांचं, सांध्यांचं. ती म्हणाली, परवान्याचं पुस्तक मी घेते. बंदुकीचं विचार करून सांगते. अजून तिचं उत्तर आलेलं नाही.