मोबदल्याची पद्धत आणि रुग्णाचे हित
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र आमचा विषय नव्हे. तरीही बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांना पगाराऐवजी तपासणीगणिक व चाचणीगणिक वाटा द्यावा, अशी सूचना यंदा आली असल्याने चार शब्द बोलणे आमचे कर्तव्य ठरते. त्यामुळे उत्पन्न वाढेल, हे आम्ही नाकारीत नाही.

मोबदल्याच्या प्रत्येक पद्धतीत गुणांसोबत दोषही असतात. तपासणीगणिक पैसे मिळाले की तत्परता येते. पण अनावश्यक सलाईन व चाचण्यांचा मोहही वाढतो. मुंबईत १९५४ साली सुरू झालेल्या राज्य कामगार विमा योजनेत पॅनेल डॉक्टरांना नोंदलेल्या कामगारामागे ठरावीक रक्कम देण्याची पद्धत होती. तीत खर्च आटोक्यात राहतो; पण रुग्णाला झटपट वाटेला लावण्याचा धोका असतो. ब्रिटनने २००४ पासून रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांतील उद्दिष्टांनुसार डॉक्टरांना जादा रक्कम दिली. नोंदी सुधारल्या, परंतु ज्या कामांना मोबदला नव्हता ती मागे पडली. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ती पद्धत बंद केली. रुग्ण पाठविण्याबद्दल कमिशन घेण्यास तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी मनाईच केली आहे.

आता आपल्या शहापूर परिसराकडे पाहू. येथे धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतकरी गोळ्या संपल्या तरी दवाखान्यात येत नाही. रक्तदाबाची गोळी बरे वाटले तरी का थांबवू नये, सिकलसेलच्या मुलाला पाणी भरपूर का पाजावे, हे समजावण्यास पाव तास लागतो. त्या पाव तासाची पावती फाटत नाही. जमाखर्चाच्या वहीत त्याला रकाना नाही. वाटा ठरला, तर सर्वप्रथम हाच पाव तास जाईल.

पगारी पद्धतीतही उणीव आहे. काम केले काय, न केले काय, पगार तोच, या भावनेने शिथिलता येऊ शकते. त्यावर उपाय वाट्याचा नसून देखरेखीचा आहे. किती चाचण्या झाल्या यापेक्षा रक्तदाबाचे किती रुग्ण पुन्हा तपासणीस आले, हे दरमहा विश्वस्तांपुढे ठेवावे, असे आम्ही सुचवितो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉक्टर खासगी व्यवसाय न करता पूर्णवेळ पगारावर सेवा देत आले आहेत. हे उदाहरण विदर्भातीलच आहे.

पगार कायम ठेवल्यास खर्चाचा भार संस्थेवर राहील. तो भार देणगीदारांनी उचलावा, ही नम्र विनंती. आपली देणगी केवळ खाटा व यंत्रांसाठी नाही. डॉक्टरांनी घाई न करता रुग्णाचे ऐकून घ्यावे, यासाठीही ती खर्ची पडते.