वाघ म्हणजे नक्की कोण?

कुंडलिका नदीकाठच्या अष्टमी गावात ‘वाघ आला’ अशी आवई उठली, तर तो बहुधा बिबट्याच असतो. जवळच्या फणसाड अभयारण्यातही त्याचाच वावर आहे. पण कोकणात खरा वाघ आणि बिबट्या, दोघांनाही वाघच म्हणतात. वेगळं सांगायचं तर ‘पट्टेरी’ किंवा ‘ढाण्या’ जोडायचं.

संस्कृत ‘व्याघ्र’, प्राकृत ‘वग्घ’ आणि मग आपला ‘वाघ’. व्याघ्राचा संबंध जुने वैयाकरण ‘घ्रा’ म्हणजे हुंगणे या धातूशी जोडतात. मला मात्र बिबट्याचं संस्कृत नाव जास्त आवडतं: ‘द्वीपी’, अंगावर बेटं असलेला! किती बारकाईनं पाहिलंय बघा. बिबट्याचा ठिपका भरीव नसतो. काळं, तुटक कडं आणि आत गडद पिवळा रंग. चित्त्याचे ठिपके भरीव. ‘चित्रक’ म्हणजे ठिपकेदार, त्यावरून ‘चित्ता’. हाच शब्द पुढे इंग्रजीतही गेला. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं, तरी बिबट्याला चित्ता म्हणणारे आजही भेटतात.

तेव्हा वनखात्याला वर्दी देताना नुसतं ‘वाघ’ म्हणू नका. अंगावर पट्टे होते की ठिपके, तेही आवर्जून सांगा.