मोरीचे पाणी



आज मी मोरीच्या पाण्याविषयी बोलणार आहे. हसू नका. हे पाणी दाराशी साचते. तिथे चिखल होतो, डास होतात. तेच पाणी लहानसा चर खणून परसात न्या. त्यावर घरापुरती भाजी होते.

तुम्ही म्हणाल, भाजी तर आम्ही बाजाराच्या दिवशी आणतोच. खरे आहे. पण ती दोन दिवस पुरते. मग पुन्हा भाकरी आणि चटणी. मोठ्या माणसाचे त्यावर निभते. दोन-तीन वर्षांच्या पोराचे निभत नाही. दिवेलागणीला एखादे पोर ठेचकाळते, समोरचे ताट चाचपडते. घरची माणसे म्हणतात, पोर वेंधळे आहे. पण त्याला रातांधळेपणा आलेला असू शकतो. अंगात अ जीवनसत्त्व कमी पडले की असे होते. दुर्लक्ष केले तर डोळा कायमचा जातो. अशा पोराला आधी दवाखान्यात न्या. सरकारने १९७० साली लहान मुलांना या जीवनसत्त्वाचा डोस द्यायला सुरुवात केली. तो चुकवू नका. पण रोजच्या ताटात हिरवा पालाही हवाच. शेवग्याचा पाला, माठ, मेथी, पिकलेली पपई, यांपासून हे जीवनसत्त्व अंगात तयार होते.

म्हणून पहिला मान शेवग्याचा. पावसाच्या तोंडाशी दोन हात लांब, मनगटाएवढी जाड फांदी रोवा. ती जगते. झाड उंच जाऊ देऊ नका. छाटले म्हणजे फुटते, आणि पाला हाताला येतो. शेवगा दारात नको, असे काही जण म्हणतात. त्यात खरे एवढेच, की त्याचे लाकूड ठिसूळ. फांदी मोडून पडते. तेव्हा घरापासून जरा दूर लावा.

साबणाचे पाणी केळीला आणि अळूला सोडा. पालेभाजीला भांडी विसळलेले पाणी घाला. मेथीचे बी सगळे एकदम पेरू नका. आठ आठ दिवसांनी थोडे थोडे पेरा. महिन्याभरात पहिली जुडी निघते, आणि मग खंड पडत नाही. पपईची दोन-तीन रोपे जवळ जवळ लावा. लांब देठावर नुसती झुपक्याने फुले आली, तर ते नर झाड. एक नर ठेवून बाकीचे नर काढा.

कोंबड्या आणि शेळी हे बागेचे खरे शत्रू. आधी बोराटीचे कुंपण, मग पेरणी! पानावर मावा दिसला तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी गाळून, चिमूटभर साबण घालून शिंपडा.

भाजी आधी धुवा, मग चिरा. तेलाची फोडणी मात्र हवी, कारण तेलाबरोबरच पाल्यातला हा गुण अंगी लागतो. लहान पोराला वरणात शिजवून, घोटून भरवा.

येत्या बाजारी मेथीचे आणि माठाचे बी तेवढे आणा. शेवग्याची फांदी शेजारी मागितली, तर कोणी नाही म्हणत नाही.