टायरमधली वाळू आणि दोन टोकांचा रेणू

आजचा प्रश्न सरळ आहे. पावसात ओल्या डांबरावर तुम्ही ब्रेक दाबता, तेव्हा गाडी थांबते कशामुळे? ब्रेक फक्त चाक थांबवतो. रस्ता धरून ठेवतं ते टायरचं रबर. आणि आजकालच्या बऱ्याच कार टायरच्या रबरात सिलिका असते. सिलिका म्हणजे रसायनाच्या दृष्टीने वाळूच, फक्त प्रचंड बारीक.

नुसतं रबर टायरसाठी फार मऊ. लवकर झिजतं, फाटतं. म्हणून त्यात बारीक पूड मिसळतात, तिला म्हणतात फिलर. अनेक दशकं हे काम कार्बन ब्लॅकने, म्हणजे एका प्रकारच्या काजळीने केलं. रबराशी तिचं छान जमतं. टायर काळा असतो तो तिच्यामुळेच.

मग सिलिका कशाला? हिशोब करून बघा. कारच्या चाकाचा घेर साधारण 2 मीटर. ताशी 72 किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला 10 वेळा फिरतं. दर फेरीत टायरचा प्रत्येक भाग दबतो आणि परत उठतो. आत एकमेकांना चिकटलेले फिलरचे कण सुटतात, पुन्हा चिकटतात. यात ऊर्जा उष्णता बनून जाते, म्हणजे तुमचं पेट्रोल जातं. ही उष्णता कमी करायला गेलं की ओल्या रस्त्यावरची पकड ढिली व्हायची. सिलिका इथे कामाची, कारण तिच्यामुळे चाक फिरतानाच्या संथ हालचालीत ऊर्जा कमी वाया जाते, पण ब्रेक लावताना रस्त्याच्या खडबडीतपणावर होणाऱ्या अतिवेगवान कंपनांत रबर पकड सोडत नाही.

पण सिलिका आणि रबराचं मुळात पटत नाही. सिलिकाच्या पृष्ठभागावर ओएच गट असतात. त्यांना पाणी आवडतं आणि आपल्यासारखेच दुसरे कण आवडतात. रबर तेलकट स्वभावाचं. नुसती सिलिका घातली की तिचे गठ्ठे होतात, रबर बाजूलाच राहतं.

आता तुमचा फोन आठवा. टाईप-सी पोर्ट आणि जुना गोल पिनचा हेडफोन, मध्ये डोंगल लागतो ना? रबरातला डोंगल म्हणजे सायलेन कपलिंग एजंट. सगळ्यात प्रसिद्ध टीईएसपीटी, जो जर्मनीच्या डेगुसा कंपनीने 1970 च्या दशकात एसआय-69 नावाने बाजारात आणला. त्याच्या रेणूच्या टोकांना सिलिकॉनचे गट, ते सिलिकाला पकडतात. मधल्या साखळीत गंधकाचे अणू, ते रबराशी जोडले जातात. हात मिळाला की कण गठ्ठ्यात न राहता रबरात पसरतात.

प्रमाण किती? 100 किलो रबरात 80 किलो सिलिका असेल, तर सायलेन साधारण 6 ते 7 किलो. आणि 1 ग्रॅम सिलिकाचा पृष्ठभाग असतो सुमारे 160 चौरस मीटर, म्हणजे 1700 चौरस फूट. दोन ऐसपैस टू बीएचके!

खरी कसोटी कारखान्यात. मिक्सरमध्ये तापमान साधारण 140 ते 155 अंश सेल्सियस काही मिनिटं टिकवावं लागतं. सायलेन सिलिकाला जोडला जाताना इथेनॉल बाहेर पडतं, त्याला वाट द्यावी लागते. तापमान कमी पडलं तर जोड अर्धवट राहतो. फार वाढलं तर गंधक वेळेआधी सुटतं आणि रबर मिक्सरमध्येच घट्ट व्हायला लागतं. गंधकाचा जोड पक्का व्हायला हवा तो नंतर, साच्यात टायर भाजला जातो तेव्हा.

हे जमवून फ्रान्सच्या मिशेलिनने 1992 मध्ये सिलिकावाला 'ग्रीन टायर' आणला. काजळीच्या टायरच्या तुलनेत अशा टायरचा रस्त्यावर फिरण्याचा विरोध साधारण 20 टक्क्यांनी कमी होतो, आणि ओल्यात पकडही राहते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. खाचेची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बदलायचा. खाचाच उरल्या नाहीत तर पाणी बाहेर जाणार कुठून? आणि टायर पाण्यावर तरंगला की आतला सायलेन कितीही चांगला असो, त्याचा रस्त्याशी संबंधच येत नाही.

आज गाडी काढण्याआधी खाली वाकून एकदा टायर बघा. भेटू पुढच्या भागात!