वसतिगृह, कर्ज आणि टांझानियाच्या मुली



आफ्रिकेतील खेड्यापाड्यांत परकीय पैशातून मुलींची वसतिगृहे उभी राहतात, तेव्हा भांडवली वृत्तपत्रे त्यास दानधर्म म्हणतात. हे दान आहे की कर्ज, याचा विचार टांझानियाच्या उदाहरणावरून केला पाहिजे.

वसतिगृहाची गरज निर्विवाद आहे. 2004 नंतर टांझानियात खेड्यांच्या गटागटांसाठी माध्यमिक शाळा निघाल्या. पण त्यांपैकी बहुतेकांत राहण्याची सोय नव्हती. वस्त्या विखुरलेल्या. मुलीने मैलोगणती पायपीट करावी, नाहीतर शाळेजवळ भाड्याच्या खोलीत असुरक्षित राहावे. 2016 मध्ये माध्यमिकच्या पहिल्या चार इयत्तांची फी रद्द झाली. परंतु फी माफ झाली म्हणून अंतर माफ होत नाही.

ही उणीव दैवी नव्हे. 1967 च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर न्येरेरे यांच्या सरकारने शिक्षण ही सार्वजनिक जबाबदारी मानली आणि 1977 मध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची मोहीम हाती घेतली. पुढे परकीय चलनाच्या टंचाईत देश सापडला. 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार झाला. त्या दशकात सरकारी खर्चाला कात्री लागली, शिक्षणाचा भार पालकांवर आला. प्राथमिक फी रद्द झाली ती 2001 मध्ये. त्याच वर्षी परकीय कर्जाचा काही भाग माफ झाला होता.

आता जागतिक बँकेकडे पाहा. 31 मार्च 2020 रोजी तिने टांझानियाच्या माध्यमिक शिक्षणासाठी 50 कोटी डॉलर मंजूर केले. प्रत्येक प्रांतात एक, अशा मुलींच्या 26 निवासी विज्ञान शाळांची योजना त्यात होती. व्याज सवलतीचे असले, तरी हे कर्जच आहे. इमारत एकदाच बांधावी लागते; धान्य, पाणी, स्वयंपाकी आणि अधीक्षिका यांचा खर्च दरवर्षी येतो. तो ज्या तिजोरीतून व्हायचा, त्याच तिजोरीतून कर्जाचे हप्ते जातात.

दुसरीही बाजू लपवून चालणार नाही. त्या काळी गरोदर विद्यार्थिनींना सरकारी शाळांतून काढून टाकले जाई. हा अन्याय टांझानियाच्या सरकारचा होता. त्याचे खापर साम्राज्यवादावर फोडता येणार नाही. तेथील कार्यकर्त्यांनी या कर्जाला हरकत घेतली, तरीही बँकेने ते मंजूर केले. अखेर नोव्हेंबर 2021 मध्ये ही बंदी उठली.

देणगीचाही भरवसा नाही. अमेरिकेची परदेशी मदत संस्था 1 जुलै 2025 रोजी बंद झाली. वॉशिंग्टनमध्ये सत्ता बदलली आणि दूरदूरच्या देशांतील कामे ठप्प झाली.

म्हणून वसतिगृहाला विरोध नव्हे. ते हक्काचे व्हावे, ही मागणी हवी. कर्ज रद्द करा, मदत बिनशर्त द्या, कॉफी-कापसाला न्याय्य भाव द्या! कर्जाविरुद्ध एकजुटीची हाक बुर्किना फासोच्या थॉमस संकारा यांनी 1987 मध्ये आदिस अबाबा येथे दिली होती. खेड्यातील मुलीच्या खाटेचा प्रश्न त्याच लढ्याचा भाग आहे.