साखरेच्या वाटेवरचे दार
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी भाषेचा शिक्षक. तरी आज विज्ञानावर दोन शब्द बोलणार आहे, कारण त्याचे निमित्त घरातच घडले. अब्बांना मधुमेहाची नवी गोळी सुरू झाली आणि पुढच्याच तपासणीत लघवीत भरपूर साखर निघाली. शेजारीपाजारी म्हणाले, गोळी बंद करा. आम्हीही तेच करणार होतो. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, या गोळीचे कामच ते आहे." मग शाळेतील विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून मी हा विषय समजून घेतला.

आपल्या मांजराकाठच्या उसाचे पान उन्हात साखर तयार करते आणि ती कांड्यात साठते. पण वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती पातळ पटल असते. त्यातून साखर सहजासहजी पार होत नाही. त्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. पेशी ऊर्जा खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलते. ते आत परतताना साखरेला सोबत आणतात. असे एक दार तयार करणारे जनुक १९९२ साली पालकाच्या भाजीतून वेगळे करण्यात आले.

ही दारे रसायनांनी अडवता येतात. बीटच्या पानावर पाऱ्याचे एक संयुग वापरून शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हे दाखवले. ते संयुग पेशीत न शिरता बाहेरूनच दाराला चिकटते आणि साखर शिरांत भरली जात नाही. दुसरे रसायन फ्लोरिझिन. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतील हे कडू द्रव्य १८३५ साली सापडले. त्याचा एक भाग साखरेसारखाच असल्यामुळे ते दारात अडकून बसते आणि पानातील पेशींचे साखर शोषणे मंदावते.

आपल्या मूत्रपिंडातही साखर रक्तात परत घेणारी दारे आहेत. ती प्रोटॉनऐवजी सोडियमवर चालतात, पण फ्लोरिझिन त्यांनाही अडवते. १८८६ साली फॉन मेरिंग यांनी ते प्राण्यांना दिले, तेव्हा लघवीतून साखर जाऊ लागली. फ्लोरिझिन आतड्यात टिकत नाही, म्हणून त्याच्या धर्तीवर टिकाऊ औषधे बनवली गेली. त्यांपैकी पहिल्या गोळीला २०१२ साली युरोपात मान्यता मिळाली. अब्बांची गोळी याच घराण्यातील!

पालकांनो, अशी गोळी ऐकीव माहितीवर सुरू करू नका आणि बंदही करू नका. तिने काहींना लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो, शरीरातील पाणी कमी होते. म्हणून डॉक्टरांचा सल्ला हवाच.

आणि एक विनंती. मुलगा किंवा मुलगी झाडापानांचा अभ्यास करू म्हणाली, तर "त्यातून काय मिळणार?" असे विचारू नका. झाडाच्या सालीपासून अब्बांच्या गोळीपर्यंत पोहोचायला पावणेदोनशे वर्षे लागली. मधल्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी शिकत होते.