कचेरीबाहेरचा मुख्याध्यापक

मुलांचे मन शाळेत रमावे म्हणून मुख्याध्यापकाने काय करावे, या विषयावर बोलण्याची आज्ञा आकाशवाणीच्या सांगली केंद्राने मला केली, तेव्हा शिक्षणशास्त्रावरील ग्रंथांच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती साताऱ्याची धनिणीची बाग.

१९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन करून कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. आणि धनिणीच्या बागेतल्या ज्या वसतिगृहाला पुढे १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले, तेथे ज्यांच्या घरी एकमेकांचे पाणी चालत नसे अशा जातींची मुले एकाच चुलीवर रांधलेले अन्न एका पंक्तीस बसून जेवू लागली. रांधणारीही तीच. माझे मन त्या मुदपाकखान्याशी वारंवार घोटाळते. पीठ किती मळावयाचे, डाळ किती शिजवावयाची, हा हिशेब चुकला तर शिक्षा करावयास मास्तरांची गरज नाही. पंक्तीतला शेवटचा मुलगा अर्धपोटी उठतो! ज्या गणिताला असा शेवटचा मुलगा आहे, ते गणित कंटाळवाणे कसे होईल? आणि हे घर चालावे म्हणून आपल्या अंगावरचे दागिने मोडणाऱ्या कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेथे होत्या, हे त्या मुलांना ठाऊक होते; भाकरीची किंमत त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

मी मुख्याध्यापक असताना, वाळवे तालुक्यातल्या एका शाळेत, क्षेत्रफळाचा धडा सातवीच्या वर्गाला काही केल्या पचेना. अखेर शेजारच्या शेतकऱ्याची परवानगी काढून, तेहतीस फुटांची साखळी घेऊन आम्ही उसाच्या बांधावर गेलो. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हे फळ्यावर वीस वेळा लिहिले होते. पण बांध वाकडा होता! वाकड्या तुकड्याचे त्रिकोण पाडावे, ही युक्ती वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलाने काढली. त्याच्या घरच्या वाटणीचा तंटा मामलेदार कचेरीत पडून होता, हे मला त्या दिवशी कळले. वर्षभर तो माझ्यासमोर बसत होता.

म्हणून माझ्या मुख्याध्यापक बंधुभगिनींवर थोडा रागवतो. वडीलकीचा अधिकार समजून क्षमा करावी. आपण कचेरीत फार बसतो. दाखले, हजेरीपट, तपासणीचे तक्ते, वरिष्ठांचे खलिते यांत सकाळची दुपार होते आणि वर्गात काय चालले आहे ते शिपायाला विचारावे लागते. कचेरीतून उठा, असे मी पुन्हा सांगतो, कचेरीतून उठा. नव्या उमेदीच्या शिक्षकाने मुलांना ओढ्याकाठी नेले, तर परत आल्यावर खुलासा मागण्याऐवजी आधी त्याच्याबरोबर जा.

कर्मवीरांनी १९४० साली साताऱ्यास काढलेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलाबद्दल, तेथल्या ‘कमवा आणि शिका’ योजनेबद्दल विस्ताराने बोलावयाचे होते. परंतु समोरचे घड्याळ माझ्या मुदपाकखान्याने खाल्ले. त्या मुक्या मुलाचे तेवढे सांगतो. दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधीच तो कचेरीच्या दाराशी उभा होता. साखळी घरी न्यावयास मिळेल का, असे विचारीत.